लाकडांच्या थप्पीकडे तोंड करून

उल्काच्या माहेरी, मिरजेला, कुत्रं दारात यायचं ते भाकरीच्या तुकड्यापुरतं. तुकडा पायरीवरून टाकायचा आणि कुत्र्यानं तो खाऊन आल्या वाटेनं निघून जायचं, एवढाच दोन्ही बाजूंचा व्यवहार. सासरी तेवढाही नव्हता. सासूबाईंचं सोवळं असं कडक, की गल्लीतलं कुत्रं नुसतं फाटकाशी उभं राहिलं तरी त्या अंगणात पाण्याचा हात मारायच्या. अशा घरातली ही सून पुढे जर्मनीत कुत्र्यांची बाळंतपणं करेल, असं कुणा ज्योतिषानं सांगितलं असतं तर घरच्यांनी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती.

सुधीर रेगेन्सबर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात लागला तेव्हा अन्वी जेमतेम चालत होती. आधी शहरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मग नाब नदीकाठच्या एका खेड्यात छोटं घर. सुधीर सकाळी गाडी काढून जायचा, अन्वी किंडरगार्टनला, आणि उल्का देवपूजा, स्वयंपाक आणि खिडकी. खिडकीतून दिसायचं शेजारचं अंगण: नासपतीचं एक झाड, कुत्र्यांची जाळीची घरं, आणि भिंतीइतकी उंच, दोरी लावून रचल्यासारखी जळाऊ लाकडांची थप्पी. मालक अलोइस ब्रांडल, निवृत्त वनरक्षक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलायचा कमी. शिकारी टेरियर पैदा करणारा म्हणून पार न्युरेम्बर्गपर्यंत त्याचं नाव होतं.

त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा उल्का मुगाचं कढण घेऊन गेली. आजारी शेजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच तिच्या मनात. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघरात कुत्री वीत होती, आणि म्हातारा दोन कुबड्यांवर उभा, खाली वाकता येत नाही म्हणून घामाघूम झालेला. शेवटचं पिल्लू निपचित पडलं होतं. त्यानं टॉवेलाकडे बोट केलं आणि म्हणाला, "चोळ. जोरात. घाबरू नकोस, मोडत नाही ते."

उल्कानं कढणाचा डबा शेगडीवर ठेवला आणि चोळलं. तोंडानं जप चालू, हातानं चोळणं चालू. बऱ्याच वेळानं त्या काळ्या मुटकुळ्यानं दार करकरावं तसा आवाज काढला.

"हात चांगले आहेत तुझे," ब्रांडल म्हणाला. मग कढणाकडे बघून, "आणि हे काय आहे? भिंतीला लावायचं?"

ते पिल्लू म्हणजे दीना.

घरी येऊन उल्कानं डोक्यावरून आंघोळ केली आणि देवापुढे उभी राहिली. आज सोवळं मोडलं का, असं तिनं मनातल्या मनात विचारलं. देव काही बोलला नाही. म्हणजे चालतं, असं तिनं धरलं.

म्हाताऱ्याला हाक काय मारायची हा एक प्रश्नच होता. गाव त्याला हेर ब्रांडल, म्हणजे ब्रांडलसाहेब म्हणायचं, पण वडीलधाऱ्या माणसाला नावानं कसं बोलवायचं? तिनं आधी 'काका' म्हणून पाहिलं, तर अन्वी हसून गडाबडा लोळली. जर्मनीत लहान मुलं शीला तसं म्हणतात. शेवटी 'आबा' ठरलं. ब्रांडलनं ते दोनदा उच्चारून पाहिलं आणि म्हणाला, "चालेल. कुत्र्याला हाक मारल्यासारखं वाटतं, पण चालेल."

दिवस जात गेले तशी उल्का त्या अंगणातलीच झाली. शिकारीला ती कधी गेली नाही. अंडंही न खाणारी बाई, कोल्ह्याच्या मागे कुठे जाणार? पण पिल्लं तिची. नाळ पुसणं, वजनं करणं, अशक्त पिल्लाला बाटलीनं दूध पाजणं, सगळं तिच्याकडे. एका विणीतल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची असा तिकडे नियम. पहिली वीण 'ए'ची, पुढची 'बी'ची, असं. आबानं तो समजावला तेव्हा उल्का म्हणाली, "मग काय, आमच्याकडेही नक्षत्राप्रमाणे अक्षर निघतं." आणि तेव्हापासून ती बाराव्या दिवशी पिल्लांच्या टोपलीला हळदीकुंकवाचं बोट लावून बारसंच करू लागली. आबा टोपी काढून बाजूला उभा राहायचा. चर्चमध्ये उभा राहतो तसा.

दुपारी कॉफी पिताना तो तिला शिकवायचा. एकदा त्यानं विचारलं, "सांग, खरा कामाचा टेरियर कुठला?"

"जो कोल्ह्याला घाबरत नाही तो," उल्का म्हणाली.

"तो तर बावळट. ऐक." त्यानं साखरेचं भांडं पुढे ओढलं आणि त्यामागे चमचा ठेवला. "हे बीळ. आत काळोख, जागा अंगापुरती. कुत्रा एकटा. मी वर, जमिनीला कान लावून. जो आत जातो, कोल्ह्यापासून हातभर लांब थांबतो आणि भुंकत राहतो, भुंकत राहतो, तो खरा. त्याच्या आवाजावरून मला कळतं तो कुठे आहे. कोल्हा वैतागून दुसऱ्या तोंडानं बाहेर पडतो. जो मुकाट आत घुसून जुंपतो, तो फाटकं तोंड घेऊन येतो. नाहीतर येतच नाही, आणि आम्ही फावडी घेऊन खणत बसतो."

"ग्रिमसारखा," उल्का म्हणाली. ग्रिम हा त्याचा एक नर. त्याच्या वरच्या ओठाला दोन ठिकाणी टाके होते, आणि परकी माणसं जाळीजवळ आली की तो दात आधी दाखवायचा, भुंकायचा नंतर. बाहेरचा कुणी आपली कुत्री त्याच्याकडे आणायला तयार नसायचा.

"ग्रिमसारखा," आबानं मान हलवली. पण ग्रिमचं नाव निघालं की त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकायचं, वाया गेलेल्या मुलाबद्दल बोलताना बापाच्या डोळ्यांत चमकतं तसं. उल्काला ते दिसायचं. तिला वाटायचं, माया आहे, असायचीच.

"आणि सगळ्यात वाईट कुठला?" तिनं विचारलं.

"ज्याला वास लागलेला नाही आणि तरी भुंकतो तो. तो खोटं सांगतो. खोटं सांगणाऱ्या कुत्र्याची वीण पुढे न्यायची नाही, मग तो दिसायला राजा का असेना."

हे वाक्य उल्कानं सुधीरला रात्री जेवताना सांगितलं. सुधीर म्हणाला, "आमच्या ऑफिसात याला लावायला पाहिजे."

आबाचे नियमही होते. कुत्री दोन वर्षांची झाल्याखेरीज नर दाखवायचा नाही. प्रत्येक माजाला तर नाहीच. तिच्या अंगावर मांस भरू द्यायचं. पिल्लू शिकाऱ्यालाच द्यायचं, कारण या जातीला काम नसलं तर ती सोफा खणते. आणि दिलेलं पिल्लू कुणाला नको झालं तर कितीही वर्षांनी आपणच परत घ्यायचं. "पिल्लू दिलं म्हणजे सुटलं असं नाही," तो म्हणायचा. उल्काला हे फार पटायचं. मुलगी दिली म्हणून का माहेर संपतं?

शिवाय डोळ्यांचं एक दुखणं होतं. या कुत्र्यांच्या रक्तात एक दोष असतो. तो एकाच बाजूनं, आईकडून किंवा बापाकडून, आला तर पिल्लू सहसा ठणठणीत राहतं, फक्त दोष पुढे वाहून नेतं. दोन्हीकडून आला तर भरात आलेल्या कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग जागचं सरकतं, डोळा लाल होतो, दुखतो आणि जातो. रक्त तपासलं की हे कळतं. दीनामध्ये तो दोष होता. ग्रिममध्येही होता. फाल्क नावाचा दुसरा नर मात्र स्वच्छ होता. तेव्हा दीनाला फाल्कच दाखवायचा, ग्रिम कदापि नाही, हे आबानंच तिला बोटांवर समजावलं होतं. दीना तोवर उल्काकडेच राहायला आली होती. कागदावर ती आबाची, पण झोपायची अन्वीच्या पलंगाखाली.

तो दिवस आला तेव्हा उल्का दीनाला दोरीनं घेऊन शेजारी गेली. आबा म्हणाला, "तू दीनाचं डोकं धर, म्हणजे ती शांत राहील."

उल्काचा चेहरा गोरामोरा झाला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाशेजारी उभं राहून ते बघायचं? तिला आईनं, सासूनं, कुणी हे सांगितलेलं नव्हतं, पण काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. ती म्हणाली, "आबा, तुम्हीच बघा. मी आहे इथे." आणि ओढणी सारखी करून ती लाकडांच्या थप्पीकडे तोंड करून उभी राहिली. लाकडं बीचची होती. तिनं त्यांच्यावरच्या रेघा पाहिल्या, एका ओंडक्यावरचं शेवाळ पाहिलं, मनात जप केला. मागे जाळीचं दार वाजलं. काही वेळानं पुन्हा वाजलं. आबा पुटपुटत होता. मग आणखी एकदा दार वाजलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "झालं."

"नीट झालं?"

"हो. नीट."

घरी जाऊन तिनं शिरा केला आणि वाटीभर त्यालाही पाठवला.

ती वीण 'के' अक्षराची. आबानं तिला एक नाव निवडायला दिलं, आणि तिनं सगळ्यात धीट मादीला कावेरी म्हटलं. कावेरी गेली फ्रान्झिस्काकडे. ही तरुण मुलगी वनखात्यात नुकती लागलेली, पहिलाच कुत्रा घेत होती. तिनं टोपलीपाशी बसून असंख्य प्रश्न विचारले. आबा कंटाळून बाहेर गेला तेव्हा तिनं उल्काला विचारलं, "दीनामध्ये दोष आहे म्हणता. बाप नक्की फाल्क? तुम्ही होतात तिथे?"

"हो," उल्का म्हणाली. "मी तिथे होते."

"मग झालं," फ्रान्झिस्का म्हणाली आणि पिल्लू उचललं.

पुढे कावेरीनं नाव काढलं. परीक्षांत पहिली यायची. फ्रान्झिस्का फोटो पाठवायची आणि उल्का ते मिरजेला बहिणीला पाठवायची, नात शाळेत पहिली आल्यासारखे.

कावेरी चार वर्षांची झाली आणि एका दुपारी फ्रान्झिस्का न कळवता आली. तिथे कुणी असं येत नाही. कावेरीच्या गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं होतं, डावा डोळा शिवलेला. ती खुर्चीच्या पायाला आपटली, थांबली, हुंगलं, आणि मग थेट उल्काच्या पायांशी येऊन बसली.

"भिंग सरकलं," फ्रान्झिस्का म्हणाली. "कळायला उशीर झाला. डावा गेला. उजव्याचं ऑपरेशन आहे, तो कदाचित राहील. रक्त तपासलं. दोष दोन्हीकडून आलाय."

"फाल्कमध्ये नाही तो," उल्का म्हणाली.

"म्हणूनच आले. दीनाकडून एक आला, तो तुम्ही सांगितला होता. दुसरा कुठून आला?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही तिथे होतात ना?"

"होते," उल्का म्हणाली, आणि तेवढ्यात तिला ते दार ऐकू आलं. एकदा वाजलेलं. पुन्हा वाजलेलं. आणि आणखी एकदा. एक कुत्रा आणायला दार किती वेळा उघडावं लागतं?

फ्रान्झिस्का उठली. जाताना म्हणाली, "बाकीच्या पिल्लांचे डोळे आत्ता तपासले तर वाचतील. त्यांचे पत्ते ब्रांडलकडे आहेत आणि तो फोन घेत नाही."

ती गेल्यावर उल्का तशीच, पायांत घरातल्या सपाता, शेजारी गेली. आबा लाकडं फोडत होता. तिला पाहून त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली.

"आबा, त्या दिवशी फाल्कच होता ना?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "फाल्क म्हातारा झाला होता. त्याला जमलं नाही त्या दिवशी."

"मग?"

"दीनाचा दिवस निघून गेला असता. ग्रिमही काही कायम राहणार नव्हता. बाहेरचं कुणी त्याला कुत्री देईना. माझ्या चाळीस वर्षांतलं जे काही आहे ते सगळं त्या एका कुत्र्यात होतं, उल्का. ते तसंच मातीत घालू?"

"तुम्हीच शिकवलंत, दोघांत दोष असला तर..."

"चारातल्या एकाला होतो. तीन सुटतात."

"तो एक म्हणजे कावेरी."

मग तो जे बोलला ते उल्काला पुढे कितीतरी दिवस भांडी घासताना, फुलं वाहताना ऐकू येत राहिलं. तो म्हणाला, "तू पाठ फिरवलीस. या धंद्यात कुणी पाठ फिरवत नाही. जो तो डोळे फाडून बघतो, आपल्या कुत्रीला कोण लागतंय ते. तू लाकडांकडे बघत उभी राहिलीस. मला वाटलं, तुला कळलंय. आबा, तुम्हाला हवं ते करा, मी बघत नाही, असं म्हणते आहेस."

"मी लाजेनं पाठ फिरवली होती," उल्का म्हणाली.

"ते मला काय माहीत?"

पण माहीत होतं. तिनं ते त्याच्या मानेवरून ओळखलं. इतकी वर्षं शेजारी राहून, तिच्या घरचा शिरा खाऊन, बारशाला टोपी काढून उभं राहून, ही बाई कशाला लाजते हे त्याला माहीत नसेल? त्यानं तिची लाज पाहिली आणि तिचा पडदा केला. तिच्याच आडोशानं ग्रिमला बाहेर काढलं. आणि वर आता तीच लाज संमती म्हणून तिच्या पदरात बांधत होता.

"कुणाला बोलू नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. "एवढं माझ्यासाठी कर. माझं नाव तेवढं उरलंय."

उल्का घरी आली. देवापुढे बसली आणि सवयीनं डोळे मिटले, आणि दचकून उघडले. जन्मभर ती डोळे मिटूनच उभी राहिली होती, देवापुढे, सासऱ्यांपुढे, आबापुढे. विश्वास म्हणजे तेच, असंच तिला माहीत. त्या संध्याकाळी तिनं उघड्या डोळ्यांनी आरती केली. देवाची मूर्ती तिनं इतकी वर्षं इतकी नीट पाहिलीच नव्हती. एका कानाचा कोपरा झिजला होता.

"सोड ना," सुधीर म्हणाला. "शेजार आहे. म्हातारा माणूस आहे. आणि शेवटी कुत्र्यांचंच आहे."

"अहो, मी तिथे होते असं मी सांगितलं त्या मुलीला."

"होतीसच की."

"हो ना," उल्का म्हणाली. "तेच तर."

अन्वी फोनमधून मान वर न काढता जर्मनमध्ये म्हणाली, "आई, हे चालत नाही. लोकांना सांग." मग जरा थांबून, "मी नंबर शोधून देते."

पिल्लं नेणाऱ्यांची नावं उल्काला आठवत होती; त्यांवरून अन्वीनं नंबर शोधले आणि उल्कानं एकेका शिकाऱ्याला फोन केला. सगळ्यात अवघड होतं ते त्या कुत्र्याबद्दल सांगणं नव्हे, स्वतःबद्दल सांगणं. मी तिथे होते, पण पाहिलं नाही. का नाही पाहिलं? आल्झो, म्हणजे असं की, आमच्याकडे बाईमाणूस असं बघत नाही. हे मोडक्या जर्मनमध्ये, परक्या पुरुषांना, पुन्हा पुन्हा. एक जण मोठ्यानं हसला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, ऐक ही काय म्हणते. उल्का त्याचं हसू संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "डोळे तेवढे तपासून घ्या." इंगोलश्टाटकडचा एक म्हातारा मात्र हसला नाही. म्हणाला, "माझा कुनो हल्ली संध्याकाळी पायरी चुकतो. मला वाटलं, आळशी झालाय." त्याचा पुढच्या आठवड्यात फोन आला. कुनोचं भिंग नुकतंच हलायला लागलं होतं. वेळेत कळलं, दोन्ही डोळे राहतील म्हणाले.

टेरियर पाळणाऱ्यांच्या क्लबानं ब्रांडलची पैदास बंद केली. गावानं थोडा दोष उल्कालाच दिला. बेकरीतली बाई पाव देताना पूर्वी हवापाणी विचारायची, आता फक्त किंमत सांगायची. चाळीस वर्षं नाव कमावलेल्या माणसाला परदेशातून आलेल्या बाईनं बुडवलं, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही; म्हणायची गरज नव्हती. उल्काला त्याचं वाईट वाटलं. पण वाईट वाटलं ते बेकरीचं. म्हाताऱ्याचं जे वाटत होतं त्याला तिच्याजवळ शब्द नव्हता. माहेरचं माणूस गेलं तर सुतक असतं, तीन दिवसांनी फिटतं. हा माणूस तर रोज समोर लाकडं फोडत होता.

हिवाळ्यात तो आजारी पडल्याचं कळलं तेव्हा तिनं कढण केलं आणि डबा फाटकावर ठेवून आली. आजारी माणसाला उपाशी ठेवायचं नाही, ते वेगळं. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन फाटकावर होता. ती आत गेली नाही.

वसंतात फ्रान्झिस्का कावेरीला घेऊन आली. उजवा डोळा राहिला होता, धुरकट, पण राहिला होता. दोघी कॉफी पीत होत्या तेवढ्यात कावेरी कुंपणाच्या फटीतून शेजारी गेली आणि लाकडांच्या थप्पीपाशी ठाण मांडून भुंकू लागली. आत साळिंदरासारखं काटेरी, पण मुठीएवढं काहीतरी दडलं होतं. तिकडच्या बागांतून ते फिरतंच. कावेरी आत घुसली नाही. हातभर अंतर ठेवून, एका लयीत, न थकता भुंकत राहिली. तिला नीट दिसत नव्हतं. वास मात्र खरा होता.

ब्रांडल दारात आला. काठी टेकत तो अंगणात उतरला आणि उभा राहून ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पूर्वीसारखा झाला. कुंपणाशी उल्का उभी होती. त्या भांडणानंतर तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला.

"ऐकलंस? हिंमत ग्रिमची आहे हिच्यात."

उल्कानं पाठ फिरवली नाही. ती त्याच्याकडे सरळ बघत राहिली.

"आणि डोळा कुणाचा, हेर ब्रांडल?"

तो थप्पीकडे वळला आणि लाकडं नीट लावू लागला. ती आधीच नीट लावलेली होती.